‘नीट’ हिजाब म्हणजे किती? एका निकालाचं आणि एका सर्वेक्षणाचं वाचन

पेट सुटली, सिनॉप्सिस लिहायला बसलं, की विषयाची अडचण फारशी येत नाही. विषय प्रत्येकाकडे असतो. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर: यात तुम्ही नेमकं काय मोजणार? गाईड विचारतात, समितीसमोर विचारतात आणि शेवटी तोंडी परीक्षेतही तेच विचारतात. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. आमच्याकडे निदान ब्युरेटवर आकडे छापलेले असतात. माणसांवर संशोधन करणाऱ्यांना मोजपट्टीसुद्धा स्वतःच बनवावी लागते, आणि गफलत होते ती बहुतेक वेळा तिथेच.

म्हणून आज समीक्षा करायला दोन मजकूर घेतले आहेत. एक न्यायालयाचा निकाल आणि एक आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण. दोन्हींचा विषय एकच आहे: मुस्लिम बाईने डोक्यावर काय घ्यावं, कसं घ्यावं आणि ते योग्य की अयोग्य हे कुणी ठरवावं. हिजाब चांगला की वाईट, याचा निवाडा इथे मिळणार नाही. हा निवाडा करताना मोजपट्टी कशी धरली जाते, एवढंच बघायचं आहे. पण ‘एवढंच’ म्हटलं तरी त्यात मुलींची कॉलेजची वर्षं अडकलेली आहेत, हे वाचताना विसरू नका.

आधी शब्द

आपल्या विद्यापीठांत एका ठरावीक धर्तीचं शीर्षक दर वर्षी येतं: ‘मुस्लिम स्त्रियांची सामाजिक व शैक्षणिक स्थिती, अमुक शहराच्या विशेष संदर्भात एक अभ्यास.’ त्या प्रश्नावलीत एक ओळ बहुधा असते. आपण बुरखा वापरता का? होय किंवा नाही. खाली दुसरी ओळ: स्वेच्छेने की दबावाने?

आता जुन्या नाशकात, चौक मंडईच्या बाजूला तासभर उभ्या राहा आणि ‘होय’ कुणाला म्हणायचं ते ठरवून बघा. एकीच्या डोक्यावर सैलसर ओढणी आहे, पुढचे केस दिसतात. दुसरीने रुमाल पिना लावून घट्ट बांधलाय, केस, कान, मान सगळं झाकलेलं, खाली जीन्स आणि लांब कुर्ता. तिसरीच्या अंगावर काळा अबाया आहे, चेहरा उघडा. चौथीने नकाब घेतलाय, फक्त डोळे दिसतात. पाचवी बुरख्यात आहे, पण पुढचा पडदा डोक्यावर उलटा टाकून भाजीचा भाव करतेय. सहावीच्या डोक्यावर काहीच नाही. अजान ऐकू आली की ती गळ्यातली ओढणी वर घेते आणि नंतर पुन्हा खाली. ‘होय/नाही’च्या दोन रकान्यांत या सहा जणी बसवल्या, तर तुमची आकडेवारी बाहेरून स्वच्छ दिसेल आणि आतून पोकळ असेल. संकल्पनेची कार्यात्मक व्याख्या आधी करा असं जे पुस्तकात लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हाच. ही चूक विद्यार्थीच करतात असंही नाही.

चेंबूरची नोटीस

मुंबईत चेंबूरला ना. ग. आचार्य आणि दा. कृ. मराठे महाविद्यालय आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे बुरख्यातल्या मुलींना गणवेशाच्या कारणावरून गेटवर अडवण्यात आलं आणि वाद झाला. पुढे मे २०२४ मध्ये कॉलेजने नव्या वर्षासाठी ड्रेस कोड जाहीर केला. पोशाख औपचारिक आणि सभ्य असावा. बुरखा, नकाब, हिजाब, टोपी, बॅज, स्टोल अशी धर्म दाखवणारी कुठलीही खूण आवारात नको. विज्ञान शाखेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या नऊ विद्यार्थिनी याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ रोजी न्या. ए. एस. चांदूरकर आणि न्या. राजेश पाटील यांच्या खंडपीठाने त्यांची याचिका फेटाळली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. संजीव खन्ना आणि न्या. संजय कुमार यांनी नोटिशीच्या काही भागाला अंतरिम स्थगिती दिली. हिजाब, टोपी आणि बॅज यांच्यावरची बंदी थांबली. वर्गात चेहरा झाकणारा बुरखा मात्र चालणार नाही, हे कायम राहिलं.

ही नोटीस संशोधकाच्या नजरेने वाचा. केस झाकणारा रुमाल आणि चेहरा झाकणारा नकाब एकाच यादीत, एकाच दंडाखाली आहेत. चेहरा झाकण्याबद्दल कॉलेजचं म्हणणं समजू शकतं. हजेरी, ओळखपत्र, परीक्षा, शिक्षकाला समोरच्या चेहऱ्यावरून ‘कळलं का’ हे बघता येणं, हे सगळं खरं आहे. पण यातलं एकही कारण केसांना लागू पडत नाही. कारण एका वस्तूचं द्यायचं आणि बंदी चार वस्तूंवर घालायची, याला आपल्या भाषेत व्हेरिएबलची सरमिसळ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात पहिली गोष्ट केली ती हीच: दोन वेगळे चल वेगळे केले.

निकालाचं गृहीतक

आता उच्च न्यायालयाच्या निकालाकडे. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा: नियम जात-धर्म न बघता सगळ्यांना सारखा आहे, विद्यार्थ्याचा धर्म उघड होऊ नये म्हणजे त्याचं लक्ष अभ्यासावर राहील, हा त्यामागचा हेतू आहे, म्हणून यात भेदभाव नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १५ मार्च २०२२ रोजी दिलेल्या निकालाचा आधार इथे घेतला आहे.

निकालाच्या बाजूने जे म्हणता येईल ते आधी म्हणू. संस्थेला शिस्तीचे नियम करायचा अधिकार असतो. रिट याचिकेत न्यायालय समाजशास्त्रीय प्रयोग करत बसत नाही. समोर आलेल्या कागदांवरून नियम घटनेत बसतो की नाही ते बघतं. शिवाय हा ड्रेस कोड फक्त मुस्लिम मुलींसाठी लिहिला होता असंही नाही. याच कॉलेजने २७ जूनच्या नोटिशीने फाटक्या जीन्स, टी-शर्ट आणि जर्सीही बंद केल्या.

तरी त्या युक्तिवादात एक गृहीतक दडलेलं आहे आणि ते तपासण्याजोगं आहे: कपड्यावरून धर्म कळला नाही, तर वर्गात तो कळत नाही. सर्वोच्च न्यायालयात खंडपीठाने नेमका यावरच प्रश्न केला. नावावरून धर्म कळत नाही का? टिळा आणि टिकली लावणाऱ्यांनाही तुम्ही असंच सांगणार का? प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर एक सिग्नल बंद केला, बाकीचे चालू ठेवले आणि यंत्र शून्यावर आलंय असं जाहीर केलं. हजेरीला नाव पुकारलं की शून्य मोडतं.

‘सगळ्यांना सारखा’ या शब्दांचंही असंच. नियम सारखा असणं आणि त्याचा परिणाम सारखा असणं ही दोन वेगळी मोजमापं आहेत. टी-शर्ट सोडून शर्ट घालणाऱ्या मुलाला काय सोसावं लागतं आणि रोज रुमाल बांधून घराबाहेर पडणाऱ्या मुलीला गेटवर तो सोडताना काय सोसावं लागतं, यांची तुलना केल्याशिवाय ‘भेदभाव नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. तो फक्त गृहीत धरता येतो.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे न्यायालयं अशा प्रकरणांत ‘ही धर्मातली अत्यावश्यक प्रथा आहे का’ ही कसोटी लावतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निकालात कांदिवलीच्या शाळेतल्या मुलीच्या डोक्यावरच्या रुमालाचा प्रश्न होता. तिथेही धर्मग्रंथातला मजकूर बघून, फक्त मुली असलेल्या वर्गात डोकं झाकणं आवश्यक नाही, असं ठरलं. म्हणजे एका मुलीचा हिजाब किती गरजेचा, हे ठरवायला ग्रंथ आला, भाषांतर आलं, न्यायाधीश आले. कर्नाटकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी ग्राह्य मानली. न्या. सुधांशू धुलिया यांनी ती अमान्य केली, आणि या वादात अत्यावश्यक प्रथेची कसोटी लावायचीच गरज नव्हती असं मत नोंदवलं. त्यांच्या मते मुद्दा मुलीच्या निवडीचा आणि तिच्या शिक्षणाचा होता. तीच कागदपत्रं, तेच युक्तिवाद आणि दोन परीक्षकांची दोन उत्तरं.

टायट्रेशन करताना फिकट गुलाबी रंग कधी आला यावर दोन जणांचं जमत नसेल, तर आम्ही द्रावणाला दोष देत नाही. बघणाऱ्यांचं बघणं तपासतो.

‘बाकीच्यांची तक्रार नाही’

अशा प्रकरणांत संस्थांकडून एक मुद्दा येतोच, चेंबूरमध्येही आला: इतक्या मुस्लिम मुली इथे शिकतात, तक्रार मोजक्या जणींचीच आहे. ऐकायला पटतं. पण हा नमुना कसा तयार झाला ते बघा. ज्या मुलींना नियम मान्य आहे, ज्या नाइलाजाने रुमाल काढतात आणि ज्यांना कोर्टात जायची ताकद नाही, त्या सगळ्या ‘तक्रार नाही’च्या रकान्यात गेल्या. जी दाखला काढून दुसरीकडे गेली किंवा घरी बसली, ती तर मोजणीतच नाही. सांख्यिकीत याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात: जे टिकले त्यांनाच विचारायचं आणि सगळं ठीक आहे असं लिहायचं.

हीच चूक उलट्या दिशेनेही होते, तीही आपल्याच जिल्ह्यात. फेब्रुवारी २०२२ मध्ये कर्नाटकातल्या वादानंतर मालेगावात हिजाबच्या समर्थनासाठी हजारो बायका एकत्र आल्या. कर्नाटकातल्या एका विद्यार्थिनीचं नाव तिथल्या उर्दू घराला द्यायची घोषणाही तेव्हा झाली. बायका इतक्या संख्येने घराबाहेर पडून स्वतः बोलल्या, ही मोठी गोष्ट आहे आणि तिची टिंगल करणं सोपं म्हणूनच टाळायला हवं. पण मैदानावर आलेली गर्दी म्हणजे मालेगावातल्या सगळ्या बाया नव्हेत. जी रुमाल बांधत नाही, किंवा बांधते पण ‘तसा’ नाही, ती मैदानावर कशी दिसेल? कॉलेजने आवारात हजर असलेल्यांना मोजलं, सभेने मैदानात हजर असलेल्यांना. गैरहजर बाई दोन्हीकडे सुटली.

सहा चित्रांचं कार्ड

आता दुसरा मजकूर. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी इजिप्त, इराक, लेबनॉन, पाकिस्तान, सौदी अरेबिया, ट्युनिशिया आणि तुर्कस्तान या सात देशांत एक सर्वेक्षण केलं. त्यातल्या एका भागाचा गोषवारा प्यू रिसर्च सेंटरने जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो जगभर फिरला. लोकांना एक कार्ड दाखवलं. त्यावर बाईची सहा चित्रं. पहिलं पूर्ण बुरख्याचं, दुसरं नकाबाचं. पुढे आवरण कमी कमी होत जातं. चौथ्यात केस आणि कान पूर्ण झाकणारा पांढरा रुमाल, पाचव्यात थोडे केस दिसणारा सैल रुमाल, सहाव्यात डोकं उघडं. प्रश्न: यातली कुठली बाई सार्वजनिक ठिकाणी जायला सर्वांत योग्य पोशाखात आहे?

ट्युनिशियात ५७ टक्के आणि इजिप्तमध्ये ५२ टक्के लोकांनी चौथं चित्र निवडलं. सौदी अरेबियात ६३ टक्के लोकांनी नकाब निवडला. लेबनॉनमध्ये ४९ टक्के लोकांनी उघडं डोकं निवडलं. तिथल्या नमुन्यात ख्रिस्ती लोकही होते हे लक्षात ठेवायचं.

बातम्या इथेच थांबल्या: ‘मुस्लिम देशांना कसा हिजाब आवडतो.’ कार्डाची बांधणी बघितली तर मात्र शंका येतात. ‘सार्वजनिक ठिकाण’ म्हणजे बाजार, बँक, कॉलेज की लग्नाचा हॉल? चित्रातली बाई विशीतली की साठीतली? एकच बाई दिवसभरात तिसऱ्या चित्रातून पाचव्यात जात असेल तर? आणि मुख्य म्हणजे तिला स्वतःला काय घालायचंय, हे कार्ड विचारतच नाही. अनोळखी लोकांनी तिला बघावं आणि गुण द्यावेत, अशीच त्याची रचना आहे. रस्त्यावर जे घडतं तेच प्रश्नावलीत उतरलं.

तरी हे सर्वेक्षण फेकून द्यायचं नाही, कारण त्यात दुसरा एक प्रश्न होता: काय घालायचं हे बाईने स्वतः ठरवावं का? ‘हो’ म्हणणारे ट्युनिशियात ५६ टक्के, तुर्कस्तानात ५२, लेबनॉनमध्ये ४९, सौदीत ४७, इराकमध्ये २७, पाकिस्तानात २२ आणि इजिप्तमध्ये १४ टक्के.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं शेजारी ठेवा. लेबनॉनची पसंती उघड्या डोक्याला, सौदीची नकाबाला. पोशाखात दोन टोकं. पण ‘तिने ठरवावं’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण ४९ आणि ४७, म्हणजे जवळपास सारखं. उलट इजिप्तने निवडलेलं चित्र सौदीपेक्षा पुष्कळ मोकळं, पण तिने ठरवावं म्हणणारे सर्वांत कमी. अर्थ असा की कापड किती आणि मोकळीक किती, हे दोन वेगळे चल आहेत. एकावरून दुसरं वाचता येत नाही. ‘तिचा हिजाब सैल आहे म्हणजे ती पुढारलेली, घट्ट आहे म्हणजे दबलेली’ हा निष्कर्ष आपण रोज डोळ्यांनी काढतो. या सर्वेक्षणाचे स्वतःचेच आकडे तो खोडून काढतात. ही गोष्ट बातमीत यायला हवी होती. आली ती चित्रं.

परीक्षक दोन्हीकडे

या परीक्षकांची एकच बाजू नसते. डिसेंबर २०१६ मध्ये क्रिकेटपटू मोहम्मद शमीने पत्नीबरोबरचा फोटो टाकला. तिच्या बिनबाह्यांच्या पोशाखावरून ‘हिजाब कुठे आहे’ म्हणत लोक तुटून पडले. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या एका कार्यक्रमात ए. आर. रहमान यांची मुलगी नकाब घालून आली, तेव्हा उलट्या बाजूने टीका झाली: बापाने सक्ती केली असणार. मग रहमान यांनी घरातल्या तिघींचा फोटो टाकला. एक नकाबात, एक रुमालात, एक उघड्या डोक्याने. एका घरात तीन चित्रं, आणि निवड ज्याची त्याची असल्याचा हॅशटॅग. तिसऱ्या माणसाला मात्र यातली एकच बाई ‘खरी’ वाटते.

सरकारं परीक्षक झाली की काय होतं, ते इराणमध्ये दोन्ही बाजूंनी दिसलं. १९३६ मध्ये रझा शाहच्या राजवटीने हिजाबवर बंदी घातली आणि पोलीस बायकांच्या डोक्यावरची चादर ओढू लागले. १९७९ च्या क्रांतीनंतर हिजाब सक्तीचा झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये तेहरानमध्ये २२ वर्षांच्या महसा अमिनीला पकडलं, ते हिजाब नव्हता म्हणून नव्हे, ‘नीट’ नव्हता म्हणून. १६ सप्टेंबरला ती गेली. ‘नीट म्हणजे किती’ हा प्रश्न कधीकधी इतका महाग पडतो.

आणि डोकं झाकणं ही काही एकाच समाजाची गोष्ट नाही. प्यूच्याच २०१९-२० च्या भारतातल्या सर्वेक्षणात घराबाहेर डोकं झाकतो असं ८९ टक्के मुस्लिम, ८६ टक्के शीख आणि ५९ टक्के हिंदू बायकांनी सांगितलं. डोक्यावरचा पदर आपल्या आज्यांना कुणी सोडायला सांगितला नाही. घसरला तर मात्र सासरी ऐकावं लागायचं. कॉलेज रोडवर स्कूटीवरून जाणाऱ्या निम्म्या मुली उन्हाधुळीसाठी डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधतात. त्यावर विनोद होतात, निकाल होत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रालयाच्या आवारात संभाजी भिडे यांनी एका महिला पत्रकाराला आधी टिकली लाव, मग बोलतो असं सांगितलं, तेव्हा राज्य महिला आयोगाने त्यांना नोटीस पाठवली. डोक्यावर काय असावं आणि कपाळावर काय असावं हे सांगणारा माणूस बदलतो, सांगण्याची तऱ्हा तीच राहते.

मग मोजायचं काय?

माझं म्हणणं एवढंच आहे: बाईला मोजू नका, परीक्षकाला मोजा. हे करता येतं याची उदाहरणं आहेत. डोरिस वाइक्सेलबाउमर या अर्थतज्ज्ञ बाईंनी जर्मनीत १,४७४ नोकरीचे अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फोटोही एकाच बाईचा. जर्मन नाव असताना मुलाखतीसाठी १८.८ टक्के वेळा बोलावणं आलं, तुर्की नाव असताना १३.५ टक्के वेळा आणि तुर्की नावासोबत डोक्यावर रुमाल असताना ४.२ टक्के वेळा. इथे त्या बाईच्या मनात काय होतं याचा प्रश्नच येत नाही. मोजलं गेलं ते बघणाऱ्याला. या प्रयोगाचीही मर्यादा आहेच: रुमाल बांधायची पद्धत एकच होती, त्यामुळे ‘कसा’ बांधला याने काय फरक पडतो ते कळत नाही. एखादीने हे करायला घ्यावं असा हा प्रश्न आहे.

आपल्याकडे सच्चर समितीने २००६ च्या अहवालात बुरख्यातल्या बायकांना बाजारात, दवाखान्यात, शाळेत आणि बस-रेल्वेत कशी तुटक वागणूक मिळते, त्याची नोंद केली. तीही वागवणाऱ्यांबद्दलची नोंद आहे. तिथून पुढे नाशिक-मालेगावात काम करायचं झालं, तर मला चार गोष्टी सुचतात.

एक, ‘घालता का’ ऐवजी ‘गेल्या आठ दिवसांत तुमच्या कपड्यांवर कोण काय बोललं’ असं विचारा. सासू, शेजारीण, वर्गशिक्षक, कंडक्टर, मोबाइलवरचा अनोळखी माणूस, सगळे येऊ देत. दोन, ज्यांनी सोडला आणि ज्यांनी नव्याने सुरू केला, त्यांना मुद्दाम शोधा. शिक्षण सुटलेल्या मुलींना तर आधी. तीन, प्रश्नावली फक्त मराठीत ठेवू नका आणि सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना ‘स्वेच्छेने की दबावाने’ विचारू नका. मिळालेलं उत्तर तिचं नसेल. तसंही हे दोन रकाने बऱ्याचदा खोटे असतात. आईने सांगितलं, मैत्रिणी बांधतात, बसमध्ये बरं वाटतं, मनात श्रद्धाही आहे, अशी कारणं एकाच उत्तरात एकत्र असतात. चार, नाव आणि फोटो जपा. कारण तुमचा प्रबंधही तिच्यासाठी आणखी एक परीक्षक ठरू शकतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल: बायकांवर आतून जो दबाव असतो तो यात झाकला जाणार नाही का? महाराष्ट्रात हा प्रश्न जुना आहे आणि तो मुस्लिम समाजातूनच आला. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायकांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. मागण्या तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याच्या होत्या. १९८२ मध्ये जळगावात मुस्लिम बायकांच्या सिनेमा बघण्यावर बंदी घातली गेली, तेव्हा रझिया पटेल यांनी त्याविरुद्ध लढा दिला. म्हणजे दबाव खरा आहे आणि त्याला नाव देणाऱ्या बायकाही खऱ्या आहेत. पण तो त्यांनी स्वतःच्या जगण्यातून मांडला. गेटवर रुमाल काढायला लावणं ही त्या लढ्याची पुढची पायरी ठरत नाही. वरच्या पहिल्या प्रश्नाने आतला दबावही मोजला जाईल, कारण त्यात सासूही आहे आणि कॉलेजचं गेटही. आधीच बाजू ठरवली, तर दोघांतलं एक सुटणार.

शेवटी पुन्हा चेंबूर. उच्च न्यायालयाचा निकाल आणि सर्वोच्च न्यायालयाची अंतरिम स्थगिती यांच्यामध्ये ४४ दिवस गेले. तातडीने सुनावणी घ्या अशी विनंती करताना वकिलांनी सांगितलेलं कारण साधं होतं: चाचणी परीक्षा तोंडावर आल्या आहेत. विज्ञान शाखेत ४४ दिवस म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. तेवढ्यात जर्नलची किती पानं होतात आणि किती प्रॅक्टिकल हातून जातात, तुम्हीच मोजा. घटनेतली कलमं, ग्रंथांची भाषांतरं आणि लोकांची मतं यांच्या गर्दीत हा आकडा कुणाच्या तक्त्यात आला नाही. माझ्या मते पहिला रकाना त्याचा असायला हवा होता.